कम्प्युटरचा पंखा बदलायचाय, पण आवाज नको: गोव्यातल्या वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचारणा फोंड्याहून येवो, म्हापशाहून किंवा काणकोणहून, सुरुवात एकच असते: "चांगला सायलेंट फॅन सुचवा." म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. डब्यावर सायलेंट छापलंय म्हणून पंखा शांत होत नाही. पंखा शांत असतो तो संथ फिरतो म्हणून. त्याला संथ फिरता यावं यासाठी योग्य माप, योग्य पिन, स्वच्छ हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) आणि नीट लावलेली गती लागते. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती आहेत. इथली दमट, खारट हवा आणि मे महिन्यातली खोली ध्यानात घेऊन ती लिहिली आहेत.

आवाज पंख्याचाच आहे हे कसं ओळखू?

जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची नळी करा. कॅबिनेटची बाजू उघडा, नळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं एकेका पंख्याजवळ न्या. पात्यांना ती लागू देऊ नका. आवाज कुठून येतो ते बहुतेक वेळा लगेच कळतं. तरीही शंका राहिली तर त्या पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोटाचं टोक हलकेच टेकवा आणि तो क्षणभर थांबवा. आवाज थांबला तर तोच. एसएमपीएसच्या, म्हणजे कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यावर मात्र हा प्रयोग करायचा नाही, तिथे फक्त नळी.

आवाजाची जातही पाहा. नुसतं सूं असेल तर ती वाऱ्याची गती आहे, पंखा बिघडलेला नाही. सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं घरघर येऊन मग थांबत असेल तर बेअरिंगमधलं तेल संपत आलंय. टर्रर असा आवाज आला की आधी वायर पात्याला घासत नाही ना ते बघा. गेम खेळताना बारीक, तीक्ष्ण चिरचिर येते ती ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची. पंखा बदलून ती जात नाही, गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेटला मर्यादा घातली की बरीच उतरते. आणि थांबून थांबून टक-टक येत असेल तर पंख्याचा विषय बाजूला ठेवा. ती जुनी हार्ड डिस्क आहे, घरचे फोटो आजच दुसरीकडे कॉपी करा.

पंखा न बदलता भागेल का?

पुष्कळदा भागतं, आणि आधी तेच करून बघावं.

डिचोली, साखळी, कुडचडे या बाजूच्या घरांतला पंखा उघडला की पात्यांच्या पुढच्या कडेवर तांबूस धुळीचा थर दिसतो. एका पात्यावर जाड, दुसऱ्यावर पातळ. तोल गेला की पंखा थरथरतो आणि ती थरथर कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्याजवळच्या घरांत थर राखाडी आणि चिकट असतो. मिठाचे कण दमट हवेतलं पाणी धरून ठेवतात, म्हणून ती धूळ नुसत्या फुंकरीने उडत नाही. खरी अडचण त्याहून आत असते. प्रोसेसरचा पंखा चार स्क्रू काढून उचला. खाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर धूळ आणि केसांची एक सलग चादर बसलेली असते आणि ती बोटाने अख्खी सोलून निघते. हवा आत जातच नाही, म्हणून मदरबोर्ड पंख्याला पळवत राहतो.

कम्प्युटर बंद करा, वायर काढा, रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने फिरतं, बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करते. चिकट थर असेल तर कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाती पुसा. हीटसिंक काढलाच असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरते.

बायॉसमध्ये गती कशी लावायची? कर्व म्हणजे नेमकं काय?

किती तापमानाला पंख्याने किती वेगाने फिरायचं याचा तक्ता म्हणजे फॅन कर्व. कम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. असूसच्या बोर्डात क्यू-फॅन नावाखाली सापडेल, गिगाबाइट आणि एमएसआयमध्ये स्मार्ट फॅन म्हणून.

इथे गोव्याचा मुद्दा येतो आणि तो महत्त्वाचा आहे. व्हिडिओत कर्व शिकवणारे बहुतेक लोक थंड देशात, नाहीतर एसीत, २०-२२ अंशांच्या खोलीत बसलेले असतात. आपली खोली मे महिन्यात ३२-३३ अंशांवर असते. खोली जितके अंश जास्त गरम, साधारण तितकेच अंश आतला प्रत्येक भाग जास्त गरम. त्यांचा कर्व जसाच्या तसा उतरवला तर पेपर वाचत बसलात तरी तुमचा पंखा अर्ध्या वेगाने पळेल. कर्व आठ-दहा अंशांनी पुढे सरकवा. सुरुवातीला असा लावून बघा: ५५ अंशांपर्यंत ३० टक्के, ७० ला ५० टक्के, ८० ला ७५ टक्के आणि ९० च्या आत पूर्ण वेग. इंटेलचे अलीकडचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात, एएमडीच्या रायझन ५००० आणि ७००० मालिकांची मर्यादा मॉडेलप्रमाणे साधारण ९० ते ९५ अंश आहे. त्यामुळे ७०-७५ अंश दिसले म्हणून घाबरू नका.

दुसरी गोष्ट उशिराची. एखादं पान उघडलं तरी प्रोसेसरचं तापमान क्षणभर दहा अंश उसळतं, पंखा लगेच धावतो, मग पडतो. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही. बायॉसमध्ये स्टेप-अप टाइम, स्मूदिंग किंवा स्पिन-अप डिले अशा नावाची सोय असेल तर ती तीन ते पाच सेकंदांवर ठेवा. विंडोजमध्ये फॅनकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी उत्तम आहे. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल नावाची स्क्रिप्ट आहे.

माझ्या पंख्याचं माप कसं घ्यायचं?

चौकटीची बाजू मोजा, पात्यांचा व्यास नाही. चौकट तुटलेली किंवा गोलसर असेल तर स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा: ४० मिमीच्या पंख्याला ३२, ६० ला ५०, ८० ला ७१.५, ९२ ला ८२.५, १२० ला १०५ आणि १४० ला १२४.५ मिमी. ९२ चा पंखा दुकानात ९० म्हणून मागितला जातो आणि मग ८० चा हातात पडतो, तेव्हा भोकांचं अंतर कागदावर लिहून न्या.

जाडीही बघा. नेहमीची २५ मिमी, बारीक कॅबिनेटमध्ये १५. जागा असेल तर २५ चाच घ्या, १५ च्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने पळावं लागतं.

लहान पंख्याऐवजी मोठा बसवला तर खरंच फरक पडतो?

पडतो, आणि तो थोडाथोडका नाही. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले तर हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२० चा पंखा ८० च्या दीडपट मोठा, म्हणजे एका फेरीत सव्वातीन पटींहून जास्त हवा. ८० चा पंखा मिनिटाला २७०० फेऱ्यांना जेवढी हवा टाकतो, तेवढी १२० चा साधारण ८०० फेऱ्यांत टाकतो. दुसरा नियम असा की पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब चौथा हिस्सा उरतो, पण आवाज जवळजवळ १५ डेसिबलने उतरतो. माणसाच्या कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. यावरून संथ फिरवण्याचा फायदा लक्षात येईल.

म्हणून जुन्या कॅबिनेटच्या मागे ८० ची जाळी असेल आणि पुढे १२० ची जागा रिकामी असेल, तर मागचा नवा घेण्याआधी पुढे एक १२० चा बसवा आणि मागचा हळू करा. ८० ते १२० चा अडॅप्टर मिळतो, पण हवा शेवटी त्याच ८० च्या भोकातून जाते आणि अर्धा फायदा तिथेच संपतो.

दोन, तीन आणि चार पिन यांतला फरक काय?

दोन पिना म्हणजे नुसती वीज. तीन पिनांत तिसरी तार बोर्डाला वेग कळवते. चार पिनांत चौथी तार वेग ठरवते, तिला पीडब्ल्यूएम म्हणतात आणि तिच्यावरचा सिग्नल साधारण २५ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचा.

तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागेवर बसतो, पण बायॉसमध्ये ती जागा डीसी मोडवर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारा मोड) टाकायला विसरू नका. विसरलात तर पंखा कायम पूर्ण वेगात राहतो आणि "नवा पंखा जुन्यापेक्षा जास्त ओरडतो" अशी तक्रार येते. या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनी मोलेक्सवर जोडलेला पंखाही पूर्ण वेगातच पळणार.

बोर्डावरची एक जागा साधारण १ अँपिअर देते. स्प्लिटरने दोन-तीन साधे पंखे जोडायला हरकत नाही, आधी प्रत्येकाच्या लेबलवरचे अँपिअर बेरीज करून बघा.

पंखा ७ व्होल्टवर चालवायची जुनी युक्ती अजून वापरावी का?

नको. १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये पंखा जोडून ७ व्होल्ट काढायचे, असा तो प्रकार होता. चुकून शॉर्ट झालं तर १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या तारेत शिरतात. बायॉसमध्ये गती बदलता येत नसेल तर पंख्यासोबत मिळणारी लो-नॉइज अडॅप्टरची छोटी वायर वापरा, तिच्यात एक रेझिस्टर असतो.

डब्यावर २० डेसिबल लिहिलंय. विश्वास ठेवू?

दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका. मोजणी किती अंतरावरून केली, पंखा मोकळ्या हवेत होता की जाळीला लावलेला, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. घरी पंख्यापुढे जाळी असते, मागे हीटसिंक असतो, आणि प्रत्येक अडथळ्यावर हवा फाटते. तीच गोष्ट मोबाइलमधल्या डेसिबल अ‍ॅपची. इतका हळू आवाज फोनच्या माइकच्या कुवतीखाली जातो. आधी आणि नंतर अशी ढोबळ तुलना करायला ते चालेल.

त्यापेक्षा कमाल फेऱ्या आणि किमान फेऱ्या बघा. ३००-४०० फेऱ्यांपर्यंत खाली येऊ शकणारा १२० चा पंखा मला १००० च्या खाली न येणाऱ्यापेक्षा कधीही जवळचा वाटतो.

समुद्राजवळ राहतो. कुठलं बेअरिंग टिकेल?

स्लीव्ह बेअरिंगचा पंखा नवा असताना शांत असतो आणि स्वस्तही. उष्णतेत त्याचं तेल हळूहळू उडतं, आणि पंखा आडवा, म्हणजे छताला किंवा तळाला लावलेला असेल, तर तो लवकर घरघरायला लागतो. बॉल बेअरिंग उष्णतेत आणि कुठल्याही स्थितीत टिकतं, पण संथ गतीतही त्याची बारीक किरकिर ऐकू येते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग दोन्ही बाबतींत चांगलं. घरगुती वापरासाठी गोव्यात मी तेच सुचवतो, किनाऱ्यावर तर नक्कीच. थोडे जास्त पैसे जातात, ते जाऊ द्यावेत.

खारी हवा बेअरिंगच्या आधी पिना आणि स्क्रू खाते. किनाऱ्याजवळच्या घरातला कनेक्टर काढून बघा, पितळी पिनांवर हिरवट डाग दिसतात. पंखा मध्येच थांबून पुन्हा सुरू होत असेल तर मोटर मेली असं समजू नका, आधी कनेक्टर दोन-तीनदा काढून लावा. नॉक्टुआच्या इंडस्ट्रियल मालिकेत धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे आयपी ५२ आणि आयपी ६७ दर्जाचे पंखे आहेत. मात्र ते मुळात जास्त वेगाचे आहेत, शांतता हवी तर कर्व लावून त्यांना खाली आणावं लागतं.

नाव सांगा ना एखादं.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे पंखे महाग, पण घडण उत्तम आणि वॉरंटी ६ वर्षांची. २०१८ साली आलेल्या त्यांच्या एनएफ-ए१२एक्स२५ या १२० मिमीच्या पंख्यात पात्याचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. पातं ताणून ती फट बुजू नये म्हणून त्यांनी खास कडक प्लास्टिक वापरलं. खिसा सांभाळायचा असेल तर आर्क्टिकचा पी१२ घ्या. त्याची किंमत बरीच कमी आणि काम चोख. काही पंखे एखाद्या ठरावीक वेगाला गुणगुणतात. तसं आढळलं तर कर्वमध्ये तो टप्पा पटकन ओलांडून जाईल असं बघा. जर्मनीच्या बी क्वाएटचे पंखेही चांगले. दिव्यांसाठीच घेतले जाणारे, तीन-तीनच्या पाकिटातले बिननावाचे आरजीबी पंखे शांततेसाठी घेऊ नका. त्यांतल्या अनेकांची गती बदलताच येत नाही.

एसएमपीएसचा पंखा घरी बदलू का?

नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथे राहू शकते. हातोटी असलेल्या तंत्रज्ञाकडून करून घ्या, नाहीतर जुना एसएमपीएस बदलूनच टाका. बदलताना कमी लोडवर पंखा पूर्ण थांबवणारा मिळतो तो बघा. तसा घेतलात आणि पंखा फिरत नाही असं दिसलं, तर तो बिघडलेला नाही.

ग्राफिक्स कार्डाचे पंखे मिळतात का?

मिळतात, पण कार्डाच्या मॉडेलवरून शोधू नका. पंखा काढा आणि त्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचा: पीएलडी०९२१०एस१२एचएच, टी१२९२१५एसयू असा काहीतरी असतो. एकाच मॉडेलच्या कार्डात वेगवेगळ्या बनावटीचे पंखे निघतात, म्हणून हा नंबर, तारांची संख्या, पात्यांचा व्यास आणि तीन भोकांमधलं अंतर, चारही जुळलं पाहिजे. काही कार्डांत एक पंखा उलट दिशेने फिरतो, तिथे पूर्ण जोडच घ्या.

कार्ड वॉरंटीत नसेल आणि कॅबिनेटमध्ये जागा असेल तर दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मूळ पंखे आणि प्लास्टिकचं झाकण काढायचं आणि हीटसिंकवर दोन साधे ९२ किंवा १२० चे पंखे केबल टायने बांधायचे. कार्डावरचा कनेक्टर बारीक असतो, त्यासाठी चार पिनी अडॅप्टर वायर मिळते. ते दिसायला ओबडधोबड, पण पुढे कधीही पंखा गेला तर बाजारात मिळणारा कुठलाही चालतो.

आणि काही विकत घेण्याआधी एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून एक गेम खेळून बघा. ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. गेमच्या गतीतला फरक थोडा, आवाजातला मात्र लगेच जाणवणारा.

लॅपटॉपला शांत पंखा बसवता येईल?

वेगळा पंखा बसत नाही, त्याच नंबरचाच लागतो. बहुतेक लॅपटॉपचे पंखे ५ व्होल्टचे, काही गेमिंग लॅपटॉपचे १२ चे, तेव्हा व्होल्टेज न बघता लावू नका. आवाज कमी करायचा तर जाळी साफ करणं आणि पेस्ट बदलणं यानेच मोठा फरक पडतो. इंटेलच्या लॅपटॉपवर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग, बंद होतो. मुलांचा अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ यांना त्याने काही अडत नाही आणि पंखा बराच गप्प बसतो.

ऑफिसातून घेतलेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप आहे. नवा पंखा लावला की सुरू होतानाच फॅन एरर येतो.

अशा अनेक मशीनमध्ये पाच किंवा सहा पिनांचे, नाहीतर तारांचा क्रम बदललेले कनेक्टर असतात. बायॉस पंख्याकडून ठरावीक वेगाची अपेक्षा धरतं, तुमचा शांत पंखा त्याहून संथ फिरला की त्याला पंखा मेल्यासारखा वाटतो. मूळ पंख्यावरचा पार्ट नंबर शोधा, किंवा त्या मॉडेलसाठी बनवलेली अडॅप्टर वायर घ्या. तारा कापून अंदाजाने जोडू नका, १२ व्होल्ट चुकीच्या पिनवर गेले तर बोर्ड जातो.

घरी भजनं आणि नाट्यपदं रेकॉर्ड करतो. पंख्याची गुणगुण उतरते. काय करू?

हा प्रश्न गोव्यातून येतो तेव्हा मला फार आनंद होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पंख्याच्या आवाजाला सूर असतो. पात्यांची संख्या गुणिले मिनिटाच्या फेऱ्या, भागिले ६०, म्हणजे त्या सुराची कंपनसंख्या. ७ पात्यांचा पंखा १२०० फेऱ्यांवर असेल तर १४० हर्ट्झ. काळी एकचा खर्जाकडचा षड्ज साधारण १३८-१३९ हर्ट्झचा. म्हणजे पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या षड्जाला चिकटून पंखा आपला किंचित चढा सा लावून बसतो. नंतर सॉफ्टवेअरने तो काढायला गेलात तर आवाजाचा पायाच पोकळ होतो. तानपुरा चालू असेल तर दोन्ही सुरांची आंदोलनंही ऐकू येतात.

उपाय म्हणजे रेकॉर्डिंगपुरती गती हाताने ठरवून ठेवा, ५०० ते ६०० फेऱ्या, कर्व बंद. तिथे हाच सूर ७० हर्ट्झवर किंवा त्याखाली जातो आणि माइकच्या लो-कटने (खालचे सूर गाळणारी सोय) सहज निघतो. ही गती फक्त ध्वनिमुद्रणाएवढाच वेळ ठेवा आणि तापमानावर नजर असू द्या. रेकॉर्डिंग प्रोसेसरला फारसं तापवत नाही, मिक्सिंग आणि एक्स्पोर्ट तापवतं, ते नंतर करा. कॅबिनेट टेबलावरून उतरवून जाड रबराच्या तुकड्यांवर जमिनीवर ठेवा, कारण थरथर टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये चढते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः पुढचा आवाज पकडणारा, माइक असेल तर त्याची पाठ कम्प्युटरकडे करा. कॅबिनेट शेजारच्या खोलीत न्यायचा विचार असेल तर साध्या यूएसबी २ केबलची मर्यादा ५ मीटर आहे, त्यापुढे रिपीटरवाली लागते.

घरघरणाऱ्या पंख्यात खोबरेल घातलं तर?

घालू नका. सुरुवातीला आवाज बंद होतो म्हणून वाटतं जमलं. पण खोबरेल उष्णतेत आणि हवेत चिकट होत जातं आणि थंडीत पहाटे गोठतंही. डब्ल्यूडी-४० सुद्धा नको, ते लवकर उडून जातं आणि उरलंसुरलं तेल धुऊन नेतं. शिलाई मशीनचं तेल चालतं. स्टिकर अर्धवट उचला, खाली रबरी बूच असेल तर काढा, आसाच्या टोकावर एक-दोन थेंब सोडा, पाती हाताने फिरवा, तेल पुसून स्टिकर परत दाबा. बंद घडणीच्या फ्लुइड बेअरिंगमध्ये हे करता येत नाही. नवा पंखा येईपर्यंतची ही सोय आहे, पण ती कामाची आहे.

गोव्यात कुठे मिळतील?

पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को आणि फोंड्याच्या कम्प्युटर दुकानांत १२० चे पंखे बहुधा सहज मिळतात. ९२, ८० आणि ४० चे चांगले पंखे मात्र मागवावे लागतात. दुकानदाराला माप, पिना, जाडी आणि ब्रँड कागदावर लिहून दिलं तर तो मुंबईहून आणून देऊ शकतो. स्वतः जाणार असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, बंगळुरात एसपी रोड. ऑनलाइन घेताना जीएसटीचं बिल मिळेल ना ते बघा, वॉरंटीला तेच लागतं.

दुकानात पंखा हातात घेतल्यावर त्यावर हलकी फुंकर मारा. चांगला पंखा गुळगुळीत फिरून हळूहळू थांबतो. झटक्याने अडकत असेल किंवा मधला भाग वर-खाली हलत असेल तर दुसरा मागा. शक्य असल्यास १२ व्होल्टवर लावून कानाशी धरा.

पंखा कुठल्या दिशेने लावायचा? किती लावू?

चौकटीला जिथे आडवे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर येते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. पुढे दोन १४० चे, मागे एक १२० चा, एवढं बहुतेक घरांना पुरतं. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवा आणि पुढे धुळीची जाळी लावा, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. जाळी धुवून पूर्ण वाळवून परत लावा, ओली लावली तर पावसाळ्यात बुरशी धरते.

पावसाळ्यात घर बंद असतं. परत आल्यावर पंखा फिरतच नाही.

कम्प्युटर सुरू करण्याआधी उघडून बघा. गोव्या-कोकणात कुंभारीण माशी रिकाम्या भोकांत मातीचं घर बांधते, आणि जाळीतून तिला कॅबिनेट सोयीचं वाटतं. कोळिष्टकं, मुंग्या, क्वचित पालही सापडते. पातं हाताने फिरत असेल तर साफ करून लावा. आत ओल वाटली तर एक दिवस कोरड्या हवेत उघडा ठेवा, मगच वीज द्या. घरात कुणी असेल तर त्यांना आठवड्यातून दोनदा तासभर कम्प्युटर चालू ठेवायला सांगा, आतल्या उबेने ओल निघून जाते.

नवा पंखा बसवला. सगळं ठीक आहे हे कसं तपासू?

तुम्ही करता ते सर्वांत जड काम अर्धा तास चालवा. गेम असेल तर गेम, व्हिडिओ एक्स्पोर्ट असेल तर तो. खोलीची दारं-खिडक्या आणि छताचा पंखा रोज असतात तसेच ठेवा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कमाल तापमान बघा. प्रोसेसर ८५ च्या आत आणि ग्राफिक्स कार्ड ८० च्या आसपास राहिलं तर कर्व आणखी थोडा खाली आणायला वाव आहे. त्याहून वर गेलं तर एक पायरी वर घ्या. मग छताचा पंखा बंद करून बसल्या जागी ऐका, कारण तो चालू असताना कम्प्युटरचा आवाज त्यात बुडतो आणि खरा अंदाज येत नाही. हीच चाचणी मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, पुन्हा एकदा करा.